उंबऱ्याबाहेरचा दवाखाना

धारावीत शिरून कुणाला ‘नागरी आरोग्य केंद्र कुठे आहे’ असे विचारले, तर समोरचा माणूस बहुधा घुटमळतो. ‘छोटा सायन कुठे’ असे विचारले की लहान मूलही बोट दाखवते. हे केंद्र सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयाच्या वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले आहे. कागदोपत्री त्याचे नाव लांबलचक आहे, पण लोकांनी ते केव्हाच टाकून दिले. मला या बारशाचे कौतुक वाटते आणि त्यात एक तक्रारही ऐकू येते. धारावीकरांनी या केंद्राला आपल्या वस्तीचे नाव दिलेले नाही. त्यांच्या लेखी ते मोठ्या रुग्णालयाचे धाकटे भावंड आहे. जे इथे होत नाही ते ‘मोठ्या सायन’ला होते, आणि खरा इलाज तिथलाच, असा त्या नावाचा अर्थ.

मुंबईत गरीब वस्तीतल्या आरोग्य केंद्राचा विस्तार करायचा म्हणजे नेमके काय वाढवायचे? या प्रश्नाचे उत्तर गेली पाऊणशे वर्षे दोन टोकांत अडकले आहे. एक तर मोठ्याची छोटी प्रतिकृती काढायची, नाहीतर जिथे जागा सापडेल तिथे आणखी एक खोली उघडायची. दोन्हींत मोजणी होते ती दारांची. आपल्याच नियोजनाच्या दस्तऐवजांत मात्र विस्ताराची एक वेगळी कल्पना सापडते. ठरावीक कुटुंबे, त्यांची नोंद ठेवणारी ओळखीची बाई आणि केंद्राच्या कारभारात त्या कुटुंबांचा शब्द, म्हणजे जे काही केंद्राच्या उंबऱ्याबाहेर असते ते, त्या कल्पनेच्या मध्यभागी आहे. पैसे दर वेळी मिळाले ते उंबऱ्याच्या आतल्या खोलीला. बाहेरचा भाग कागदावर राहिला किंवा अगदी स्वस्तात उरकला गेला. हे कसे होत गेले, ते त्या दस्तऐवजांच्या भाषेतूनच तपासावे, असा या लेखाचा हेतू आहे. सरकारी अहवाल साहित्यप्रेमी वाचक सहसा उघडत नाहीत. पण एखाद्या योजनेने माणसाला कोणत्या नावाने हाक मारली, हे पाहायला आकडेशास्त्र लागत नाही.

सुरुवात भोर समितीपासून करावी लागते. सर जोसेफ भोर हे जन्माने नाशिकचे, शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात झालेले. १९४३ मध्ये नेमलेल्या त्यांच्या समितीचा चार खंडांतला अहवाल १९४६ मध्ये आला. आजही तो वाचताना त्यातला आत्मविश्वास थक्क करतो. पैसे नाहीत म्हणून कुणी उपचारावाचून राहू नये, हे त्याचे गृहीतक होते. दीर्घकालीन योजनेत दर दहा ते वीस हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक केंद्र आणि पंचाहत्तर खाटा, असे त्याचे माप होते. डॉक्टर हा ‘सामाजिक वैद्य’ असावा आणि गावात पाच-सात जणांची आरोग्य समिती असावी, असेही त्यात होते. म्हणजे खाटांच्या बरोबरीने त्या अहवालात माणसे आहेत. पण ती गावातली. देशातले बहुसंख्य लोक तेव्हा खेड्यात होते, त्यामुळे ते स्वाभाविकही होते. शहराकडे वळल्यावर मात्र अहवालाचा जोर रुग्णालयांकडे जातो. जणू शहरात रुग्णालय आहे म्हणजे तिथल्या गरिबाचे भागले.

याच काळात परळच्या हाफकिन संस्थेचे प्रमुख साहिब सिंग सोखे राष्ट्रीय नियोजन समितीच्या आरोग्यविषयक उपसमितीचे अध्यक्ष होते. तिचा अहवाल १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. दर हजार लोकसंख्येमागे एक आरोग्य कार्यकर्ता, आणि तोही त्यांच्यातलाच, ही कल्पना त्या उपसमितीने मांडली. हाफकिनच्या गच्चीवरून तेव्हा चोहीकडे गिरण्यांची धुराडी दिसत असणार, आणि त्यांच्या पायथ्याशी दहा बाय दहाच्या खोलीत दाटीवाटीने राहणारे कामगार. त्या परळमधून निघालेला हा विचार पुढे खेड्यांत गेला. जामखेडला १९७० पासून रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी गावातल्या बायकांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून घडवले आणि जगाने त्याची दखल घेतली. परळला मात्र त्याच्या वाट्याचा हजारामागचा एक माणूस कुणी दिला नाही. तिथे १९२६ पासून केईएम होते आणि ते पुरेसे मानले गेले.

केईएमविषयी कृतज्ञता नसलेला मुंबईकर विरळा. मीही त्यातलीच. पण मोठ्या रुग्णालयाने एक सवय लावली. आजार अंगावर काढायचा, मग एक दिवस खाडा करून भल्या पहाटे केसपेपरच्या रांगेत उभे राहायचे. शहराने गरिबाच्या घरी जायचे नाही, गरिबाने शहराच्या रुग्णालयात यायचे, असा अलिखित करार. यामागे एक जुनी जखम असावी, असा माझा तर्क आहे. १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. त्यानंतर सरकार लोकांच्या दारात गेले ते घरे तपासायला, सामान जाळायला आणि माणसे वेगळी काढायला. आरोग्य खात्याची थाप दारावर पडणे ही धास्तीची गोष्ट झाली. रुग्णालयाच्या इमारतीने ती धास्ती मिटवली, पण सरकार आणि घर यांच्यातले अंतर तसेच ठेवून.

ते अंतर ओलांडण्याचा पहिला मोठा प्रयत्न १९८० च्या दशकात झाला. १९८२ मध्ये कृष्णन समितीने झोपडपट्ट्यांसाठी नागरी आरोग्य केंद्रे सुचवली. लोकसंख्येनुसार त्यांचे चार प्रकार केले आणि सर्वात मोठा प्रकार पंचवीस ते पन्नास हजार लोकसंख्येसाठी ठेवला. मुंबईत या कल्पनेला खरे बळ आले ते १९८८ नंतर, जागतिक बँकेच्या कर्जातून. त्या प्रकल्पाचे नावच ‘भारत लोकसंख्या प्रकल्प – पाच’ असे होते. नावात आरोग्य नाही, लोकसंख्या आहे. मुंबईत आज ज्यांना ‘हेल्थ पोस्ट’ म्हणतात, त्या केंद्रांपैकी पुष्कळांचा जन्म इथला.

या जन्माने केंद्राचा स्वभाव ठरवला. महापालिकेचे दवाखाने आधीपासून होतेच. तिथे खोकला, जुलाब, जखमेची मलमपट्टी. त्यांच्या शेजारी, कधी त्याच इमारतीत, हेल्थ पोस्ट आले. तिथे लस, गरोदर बाईची नोंद, तांबी, नसबंदी. दोन वेगळ्या साखळ्या, दोन रजिस्टरे, वर दोन वेगळे साहेब. घरोघर जाणाऱ्या कार्यकर्तीच्या हातात जी वही आली, ती होती ‘पात्र जोडप्यांची नोंदवही’. हा शब्द नीट ऐकावा. पात्र कशासाठी? कुटुंबनियोजनासाठी. सरकार पुन्हा दारात आले होते आणि या वेळी घाबरवत नव्हते, पण त्याला घरात फक्त एकच माणूस दिसत होता: मूल होण्याच्या वयातली विवाहित बाई. तिच्या नवऱ्याचा खोकला, सासूची वाढलेली साखर, कारखान्यात बोट गमावलेला दीर, यांच्यासाठी त्या वहीत रकानाच नव्हता. १९९६ मध्ये कुटुंबनियोजनाची लक्ष्ये अधिकृतपणे मागे घेतली गेली. वह्यांचे रकाने बदलायला त्याहून बराच काळ गेला.

हे चुकते आहे, हे कुणालाच कळले नव्हते असे नाही. डॉ. इंदुमती पारीख यांची ‘स्त्रीहितकारिणी’ ही संस्था १९६० च्या दशकापासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत काम करत होती. कुटुंबनियोजन हा त्यांच्याही कामाचा विषय, पण त्यांनी बाईला पाळण्याच्या संख्येपुरते पाहिले नाही. मूल जगेल याची खात्री वाटल्याशिवाय बाई पाळणा लांबवायला तयार होत नाही, हे वस्तीत पाय टाकणाऱ्या कुणालाही समजत होते. सरकारी प्रकल्पाने वस्तीतल्या बायका कामाला घेतल्या, ही त्याची मोठी जमेची बाजू. पण त्यांना काय दिसते, हे त्यांना विचारले नाही.

या बायकांसाठी वापरलेला शब्द हा माझ्या मते साऱ्या प्रकरणातला सर्वात बोलका शब्द आहे. त्यांना ‘आरोग्य स्वयंसेविका’ म्हटले गेले. वस्तीत त्यांना कुणी असे म्हणत नाही. तिथे त्या ‘आरोग्यवाल्या ताई’ असतात. पण कागदावर त्या स्वयंसेविका राहिल्या. म्हणजे स्वखुशीने सेवा करणाऱ्या, म्हणजे पगार न मागणाऱ्या. त्यांना मिळते ते ‘मानधन’. हा आपल्या भाषेतला सभ्य शब्द व्याख्यानमालेच्या वक्त्याला शोभतो. वर्षानुवर्षे रोज पोलिओ, क्षयरोग, हिवताप, सर्वेक्षण अशी कामे करणाऱ्या बाईच्या बाबतीत तो शब्द हिशेब टाळण्याचे साधन होतो. मान दिला की धन थोडके चालते. किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी, निवृत्तिवेतन यांसाठी या बायका कितीदा तरी आझाद मैदानात बसल्या आहेत आणि न्यायालयातही गेल्या आहेत. खोली बांधायला निविदा निघते, आणि खोलीबाहेरचे सारे काम जिच्यावर उभे आहे तिला नोकर मानायचे की नाही, यावर दशके वाद चालतो. विस्ताराचा खर्च कुठे करायचा नाही हे किती आधीपासून ठरलेले होते, ते या एका शब्दावरून समजते.

राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाला मे २०१३ मध्ये मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. त्याचा आराखडा या मालिकेतला सर्वात शहाणा दस्तऐवज आहे, हे मान्य करायला हवे. दर पन्नास हजार लोकसंख्येमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र, दर दहा हजारांमागे एक परिचारिका, दोनशे ते पाचशे घरांमागे एक आशा, पन्नास ते शंभर घरांमागे एक महिला आरोग्य समिती. एवढेच नव्हे, तर केंद्राची वेळ शक्यतो दुपारी बारा ते रात्री आठ असावी, असेही त्यात लिहिले आहे. हे वाक्य लिहिणाऱ्याने कधीतरी रोजंदारीवर जाणाऱ्या माणसाशी गप्पा मारल्या असाव्यात.

आमच्याकडे बरीच वर्षे एक मावशी कामाला येत. सकाळी सहाला घर सोडत आणि पाच घरची कामे उरकून चारच्या पुढे परतत. पायाला सूज होती. मी शहाणपणाने म्हटले, ‘‘मावशी, तुमच्या गल्लीच्या तोंडाशी म्युनिसिपालिटीचा दवाखाना आहे ना?’’ त्या म्हणाल्या, ‘‘आहे की ताई. मी निघते तेव्हा कुलूप, येते तेव्हा कुलूप.’’ महापालिकेच्या बहुतेक दवाखान्यांची वेळ सकाळी नऊ ते दुपारी चार अशी होती. मावशी नाक्यावरच्या खासगी डॉक्टरकडे जात. त्याचा दवाखाना रात्री साडेदहापर्यंत उघडा असे. तो एक इंजेक्शन आणि तीन दिवसांच्या गोळ्या देई. सूज हृदयाची होती हे पुढे केईएममध्ये कळले, तेव्हा उशीर झाला होता. त्या डॉक्टरला मी कधीच दोष देऊ शकले नाही. तो निदान जागा होता.

तर २०१३ च्या आराखड्यात हे सारे होते. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख आणि त्यांतले चाळीस टक्क्यांहून अधिक झोपडपट्टीत. पन्नास हजारांचे माप लावले तर अडीचशेच्या आसपास केंद्रे लागतात. मुंबईत दवाखाने आणि हेल्थ पोस्ट एकत्र मोजले, तर दारे याहून जास्तच भरतात. म्हणजे दारांचा तुटवडा हा मुंबईचा पहिला प्रश्न नव्हता. गरज होती दोन साखळ्या एकत्र गुंफण्याची. खोकल्याचे दार आणि लसीचे दार एक करायचे, एकाच वहीत सारे घर लिहायचे आणि कुलूप रात्री आठला लावायचे. यात भूमिपूजन करण्यासारखे काही नव्हते. कदाचित म्हणूनच ते रेंगाळले.

दरम्यान दिल्लीत २०१५ मध्ये मोहल्ला क्लिनिक आले. एका पोर्टा केबिनमध्ये डॉक्टर, तपासण्या, मोफत औषधे. हजार क्लिनिकांची घोषणा झाली आणि पाचशेचा टप्पा ओलांडला गेला. या प्रयोगाची टिंगल करणाऱ्यांत मी नाही. सरकारी दवाखाना स्वच्छ असू शकतो, तिथे औषध मिळू शकते, एवढे जरी त्याने दाखवले तरी पुष्कळ झाले. पण त्याची रचना पाहावी. डॉक्टरला मोबदला रुग्णामागे. म्हणजे जितके अधिक आजारी दारात येतील तितके बरे. दाराबाहेर जाऊन कुणी आजारी पडू नये म्हणून खटपट करण्याचे काम त्या हिशेबात बसत नव्हते. नावात मोहल्ला होता, पण कारभारात मोहल्ल्याला जागा नव्हती. म्हणून सत्ता बदलल्यावर ते नावही सहज पुसता आले. केंद्राच्या पातळीवर २०२३ च्या अखेरीस आरोग्यवर्धिनी केंद्रांचे नाव ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ झालेच होते. दवाखाना, केंद्र, क्लिनिक, वर्धिनी, मंदिर. पाटी रंगवणाऱ्याला काम मिळत राहिले.

मुंबईत ‘हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे आपला दवाखाना’ ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाला. सकाळी सात ते दुपारी दोन आणि दुपारी तीन ते रात्री दहा, अशा दोन पाळ्या, मोफत औषधे, १४७ प्रकारच्या चाचण्या. इथे समीक्षकाने आधी टोपी काढावी. गरिबाच्या वेळेला किंमत असते, हे मुंबईच्या दवाखान्यांनी एवढ्या मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदाच मान्य केले. आमच्या मावशींना हा दवाखाना उघडा मिळाला असता. ज्यांनी कधी रोजंदारी बुडवली नाही, त्यांना या दोन पाळ्यांचे मोल कळणार नाही.

मग आक्षेप कशाला? आक्षेप असा की हे तिसरे दार झाले. दवाखाना होता, हेल्थ पोस्ट होते, आता ‘आपला’. जिथे इमारतीत जागा होती तिथे जुन्याच दवाखान्यात दुसरी पाळी, जिथे नव्हती तिथे पोर्टा केबिन. डॉक्टर कंत्राटी. आज जो भेटला तो पुढच्या महिन्यात असेलच असे नाही. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या किंवा क्षयाच्या रोग्याला औषधाइतकीच ओळखीच्या चेहऱ्याची गरज असते. क्षयाचा साधा कोर्स सहा महिन्यांचा. दोन महिन्यांत बरे वाटू लागते आणि नेमके तेव्हाच माणूस औषध सोडतो. त्या वेळी कुणीतरी घरी जाऊन ‘‘दादा, गोळ्या का नेल्या नाहीत?’’ असे विचारावे लागते. केबिनच्या काचेआडून ते विचारता येत नाही. आणि ज्या ताई ते विचारू शकतात, त्या हेल्थ पोस्टच्या साखळीतल्या, वेगळ्या साहेबांच्या हाताखालच्या.

‘आपला’ हा शब्दही तपासून पाहण्याजोगा आहे. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ मुंबईला नगरसेवकच नव्हते. म्हणजे हा विस्तार झाला तो प्रशासकाच्या काळात. दवाखाना कुठे हवा, कुठे नको, केबिन फूटपाथवर ठेवली तर चालायचे कसे, हे विचारायला वस्तीकडे निवडून दिलेला माणूस नव्हता. ‘आपला’मधला ‘आपण’ कोण, हे त्या काळात कोणत्या सभेत ठरले?

इथे एका दूरच्या शहराचा दाखला द्यावासा वाटतो, कारण ‘सामुदायिक आरोग्य केंद्र’ या कल्पनेचे शहरी रूप तिथे वेगळ्या वाटेने वाढले. अमेरिकेत बोस्टन शहराच्या टोकाला, खाडीला आणि कचराभूमीला लागून, कोलंबिया पॉइंट नावाची गरिबांची सरकारी वसाहत होती. रुग्णालय शहरात, बसने लांब. १९६५ च्या डिसेंबरात तिथे जॅक गायगर आणि काउंट गिब्सन या दोन डॉक्टरांनी आरोग्य केंद्र सुरू केले. गायगर विद्यार्थिदशेत दक्षिण आफ्रिकेला गेले होते. तिथे सिडनी आणि एमिली कार्क यांनी पोलेला या खेड्यात १९४० पासून घरोघरच्या नोंदीवर आधारलेले केंद्र उभारले होते. म्हणजे पुन्हा खेड्यातलीच कल्पना. फरक इतकाच की इथे ती शहरात आणली गेली. मुंबईच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे तिच्याबरोबर कारभारही आला. पुढे १९७५ च्या कायद्याने असे ठरले की या केंद्रांच्या नियामक मंडळात निम्म्याहून अधिक सभासद त्या केंद्राचेच रुग्ण असले पाहिजेत. आज तिथे अशी सुमारे चौदाशे केंद्रे आहेत आणि तीन कोटींहून अधिक लोक त्यांचा उपयोग करतात.

अमेरिकेची एकूण आरोग्यव्यवस्था कुणी अनुकरणीय म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. तिथे आजारपण माणसाचे घर विकायला लावते. पण त्याच व्यवस्थेच्या पोटात हे एक कलम कसे टिकून राहिले, ते पाहण्यासारखे आहे. केंद्राची वेळ बदलायची, दंतवैद्य नेमायचा की दुभाष्या, नवी शाखा कुठे काढायची, यावर रांगेत बसणाऱ्या बाईचे मत मोजले जाते, कारण मोजावेच लागते. निधी त्याच अटीवर मिळतो.

आपल्या २०१३ च्या आराखड्यातली महिला आरोग्य समिती याच्या शेजारी ठेवून पाहावी. पन्नास ते शंभर घरांतल्या बायका, वर्षाला पाच हजार रुपयांचा मुक्त निधी. त्यातून त्या गटाराची फवारणी करू शकतात, सभा घेऊ शकतात, एखाद्या बाळंतिणीला रिक्षाचे भाडे देऊ शकतात. केंद्राचा डॉक्टर तीन महिने आला नाही तर मात्र काहीही करू शकत नाहीत. केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीचा लगाम अधिकाऱ्यांकडे. बायकांना वस्ती दिली आणि केंद्र साहेबांकडे ठेवले. घरातही आपण साधारण अशीच वाटणी करतो, म्हणून ती कुणाला खटकली नसावी.

उंबऱ्याबाहेरचा दवाखाना मुंबईला जमतच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. एकदा जमला आहे. १ एप्रिल २०२० रोजी धारावीत करोनाचा पहिला रुग्ण सापडला. लोकांनी स्वतःला घरात कोंडून घ्यावे, हा उपाय तिथे हास्यास्पद होता, कारण घर म्हणजे एक खोली आणि शौचालय सार्वजनिक. पुढच्या काही महिन्यांत महापालिकेने जे केले, त्याची जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी जुलैत जाहीर दखल घेतली. घरोघर तपासणी झाली, गल्लीगल्लीत ताप शिबिरे झाली, शाळा आणि क्रीडासंकुल विलगीकरणासाठी उघडले गेले, सार्वजनिक शौचालये दिवसातून अनेकदा निर्जंतुक झाली. आणि नाक्यावरचे ते खासगी डॉक्टर, ज्यांना आपण एरवी नाके मुरडतो, त्यांनाच बरोबर घेतले गेले, कारण लोक त्यांना ओळखत होते. या काळात धारावीत मोठे कायमचे बांधकाम झाले नाही. वाढली ती पायपीट. आधीपासून वस्ती पाठ असलेल्या आरोग्यवाल्या ताई, शिक्षक, पालिका कर्मचारी आणि स्वयंसेवी संस्थांचे लोक दारोदार फिरले. गरिबांच्या शहरी आरोग्य केंद्राचा हा मुंबईतला सर्वात मोठा विस्तार, असे मी म्हणेन. साथ ओसरल्यावर तो आटोपता घेण्यात आला. त्यानंतर दोन वर्षांनी आपण पोर्टा केबिन मोजायला लागलो.

याला कुणी असे उत्तर देईल की संकटातली धावपळ रोज परवडत नाही. खरे आहे. पण रोजची धावपळ कुणी मागत नाही. रोज लागते ती वही. कोणत्या घरात कोण, कुणाला काय आजार, कुणाची गोळी कधी संपते. ती वही अद्ययावत ठेवणारी बाई, तिला नियमित पगार, आणि वहीतल्या माहितीवरून चालणारे एकच केंद्र. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून शहरांत दर पंधरा ते वीस हजार लोकसंख्येमागे एक छोटे केंद्र असा नवा निकष आला. मुंबईला तो लावला तर सहाशे ते आठशे दारे लागतील. एवढ्या जागा या शहरात आणायच्या कुठून? विकास आराखड्यात दवाखान्यांसाठी आरक्षणे असतात, पण आरक्षणापासून प्रत्यक्ष खोलीपर्यंतचा प्रवास बिल्डरच्या वेळापत्रकावर चालतो. पंधरा हजारांचे माप दारांना लावण्याऐवजी वह्यांना लावले, तर त्यासाठी एक चौरस फूटही जागा लागत नाही.

आणि इथेच मला सध्याच्या मुंबईची खरी काळजी वाटते. केंद्र कितीही वाढवले तरी त्याच्यासमोरची वस्तीच उठली तर? तानसा जलवाहिनीच्या कडेची घरे पाडून २०१७ पासून कुटुंबांना माहुलला नेले गेले, तेल शुद्धीकरण कारखान्यांच्या सावलीत. तिथल्या हवेने माणसे आजारी पडू लागली. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि तिथे राहण्याची सक्ती करता येणार नाही, असे २०१९ मध्ये न्यायालयाने बजावले. त्या वादात हवेची चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण या कुटुंबांच्या जुन्या वस्तीत कुणाचा तरी क्षयाचा कोर्स अर्धवट असणार, कुणाची तरी सातव्या महिन्याची नोंद झालेली असणार. ते कागद त्यांच्यामागून माहुलला गेले का, हे कुणी विचारले नाही.

आता धारावीचा पुनर्विकास होऊ घातला आहे. घरे मोजली जात आहेत, पात्र आणि अपात्र ठरत आहेत. हा ‘पात्र’ शब्द पुन्हा आला, या वेळी घरासाठी. अपात्रांना शहराच्या दुसऱ्या टोकाला जावे लागेल. नव्या धारावीत रुग्णालये असतील, चकचकीत असतील, त्याबद्दल मला शंका नाही.

एका अशाच उठू घातलेल्या वस्तीतल्या आरोग्यवाल्या ताईंनी मला त्यांची वही दाखवली होती. पंचवीस वर्षे त्या त्याच गल्ल्या फिरत आहेत. वहीत घर क्रमांकाच्या रकान्यात आकडा आहे, पण त्याच्याखाली पेन्सिलीने त्यांची स्वतःची खूण: ‘नळाजवळ’, ‘पिठाच्या गिरणीवर’, ‘संडासामागे तिसरे’. मी विचारले, ‘‘ताई, सर्वेक्षणवाले आले होते, त्यांनी ही वही पाहिली का?’’

‘‘नाही हो. त्यांना लाइटबिल हवं असतं,’’ त्या म्हणाल्या. मग त्यांनी पान उलटले आणि बोटाने एका ओळीवर थांबल्या. ‘‘हा मुलगा आज यायला हवा होता गोळ्यांना. बघते जाऊन.’’ आणि पिशवी खांद्याला लावून त्या निघाल्या.